साळवेबाईंचं रविवारचं टेबल

"मंडळी कुठंय?"

साळवेबाईंच्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसाला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, काम काय तेही नाही. समोरचा गडी पिशवीतून फंडाचे कागद काढेपर्यंत बाई चष्म्यावरून त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसायच्या. तो म्हणायचा, "घरी आहे, स्वयंपाक चाललाय." बाई म्हणायच्या, "मग स्वयंपाक झाला की दोघं या." आणि लगेच पुढच्याला हाक. एकट्याचा कागद उघडायचा नाही म्हणजे नाही. मग तो चाकणहून नाईट करून आलेला असो, नाहीतर सांगवीहून दोन बस बदलून. समोर कामाला जाणारी बाई असली तर तिनं नवरा आणायचा. लग्न झालेलं नसलं तर भाऊ, बहीण, कोणीही. पण माणूस पाहिजे.

दापोडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत हे टेबल दर रविवारी नऊ ते बारा लागायचं. बाईंनी सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात काढली होती. कोण किती वाजता आत आला, कोणाची किती रजा, कोणाचा किती फंड कापला, हे सगळं त्यांच्या हातून जायचं. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात. बाईंना नातवंडं नव्हती, कारण लग्नच नव्हतं. मी एकदा जीभ सैल सोडून विचारलं होतं, का नाही केलं म्हणून. "मस्टर सांभाळता सांभाळता राहून गेलं," म्हणाल्या, आणि मला झेरॉक्स आणायला पिटाळलं.

पैसे घ्यायच्या नाहीत. पेढेसुद्धा नाहीत. पण प्रत्येकानं स्वतःचं पेन आणायचं. पेन नसलं तर माणसाला खोलीबाहेर काढायच्या, वाण्याकडनं घेऊन ये म्हणायच्या. स्वतः मात्र पेन्सिलीनं लिहायच्या, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागं. आधी सगळा हिशोब पेन्सिलीनं, आणि दोघांनी मान हलवून चालायचं नाही, दोघांनी तो उलटा बाईंनाच समजावून सांगायचा. तो नीट सांगितला की मग म्हणायच्या, "हं, आता तुमचं पेन काढा." त्याशिवाय फॉर्मवर शाई पडायची नाही. आणि अध्येमध्ये त्यांचं ते एक "पुढं?" चालू. "अठ्ठावन्न झाली, रिटायर झालास. पुढं? फंड आला. पुढं? पोरानं गाडीला मागितला. पुढं?" तिसऱ्या-चौथ्या पुढंला भले भले गप्प व्हायचे.

मी ह्या बाईंना कसा सापडलो ते आता सांगतो. सांगायला लाज वाटते, पण गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊकच आहे.

मी प्रेस ऑपरेटर. तरुणपणी बाईंच्याच कंपनीत सहा वर्षं होतो. ती नोकरी सोडली तेव्हा फंड आणि पेन्शनचे पैसे सगळे काढले आणि मोटारसायकल घेतली. नंतर बरीच वर्षं भोसरीत इकडंतिकडं वर्कशॉपात काढली, तिथं फंडाचं नाव नाही. मग चाकणला ठेकेदाराकडून एका मोठ्या कंपनीत लागलो. तिथं नऊ वर्षं आणि एक महिना भरला, ठेकेदार बदलला आणि आम्ही तीस-चाळीस जण एका सकाळी गेटबाहेर. वय त्रेपन्न. दोन महिने घरी बसलो. तेवढ्यात चऱ्होलीत नवीन बिल्डिंगीचा बोर्ड बघितला, टोकन भरा, फ्लॅट बुक करा. माझ्या डोक्यात तेच बसलं. फंड काढायचा, पेन्शनचे पैसेपण काढायचे, टोकन भरायचं, आणि मंगलला, म्हणजे आमच्या मंडळींना, थेट किल्ली दाखवायची. तोपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

सायबर कॅफेवाल्यानं फॉर्म भरायचे पाचशे सांगितले. साळवेबाई फुकट करतात हे माहीत होतं. पण तिथं मंडळी लागतात! मग मी एक हुशारी केली. सांगवीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, लताला, फोन केला. म्हटलं, एका कागदावर साक्षीदार पाहिजे, रविवारी ये. कशाचा कागद, ते सांगितलं नाही.

रविवारी आम्ही दोघं जाऊन टेबलासमोर बसलो. बाईंनी माझ्याकडं टक लावून बघितलं.

"टोकन चारशे बारा. रोज तीन मिनिटं लेट."

माझा कंपनीतला हजेरीचा नंबर, वीस वर्षांनी, राव! मी गारच पडलो. "हो बाई," एवढंच निघालं.

"ह्या मंडळी का?"

मी मान हलवली. तोंडानं खोटं बोललो नाही, एवढंच काय ते माझं पुण्य.

बाई लताकडं वळल्या. "काय गं, सकाळी काय खायला घातलंस ह्याला?"

"मी?" लता म्हणाली. "मी कशाला घालू? मी आत्ता येतीय सांगवीहून, उलट ह्यानंच मला स्टॅंडवर वडापाव घातला. ह्याचं खाणंपिणं ह्याची बायको बघती की!"

मग मागच्या बाकावरनं जो हशा उठला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लताला कळेना काय झालं. कळलं तेव्हा तिनं माझ्या पाठीत एक दणका घातला आणि म्हणाली, "मला बायको म्हणून बसवलंस? दादा, तुला काही लाज?" मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी प्रेसमशीनसकट आत जावं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझे कागद गोळा करून माझ्याच पिशवीत भरले. "चारशे बारा, तू मला फसवलंस त्याचं काही नाही. टाइम ऑफिसात मी दुसऱ्याचं कार्ड पंच करणारे पुष्कळ बघितलेत. पण ज्या कागदासाठी बायको लपवावी लागते, तो कागद बरा नसणार. पुढच्या रविवारी खरी आण."

मला कुठं आणायला लागतीय! संध्याकाळपर्यंत लतानं फोन करून सगळा पाढा वाचला होता. मंगल दोन दिवस बोलली नाही. ताटात भात पडायचा तो आवाज करून पडायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, घर माझ्यासाठी घेताय म्हणता, आणि सही लताची?" रविवारी ती माझ्याआधी जाऊन बाकावर बसली होती. पोराच्या दप्तरातलं निळं पेन घेऊन.

त्या दिवशी बाईंनी मला सोडून खुर्ची मंगलकडं वळवली, कॅलेंडरचं पान पालथं घातलं आणि त्यावर पेन्सिलीनं दोन डबे काढले.

"हे बघ. ह्याच्या नावानं दोन डबे भरतात. हा पहिला फंडाचा. हा ह्याला लागेल तसा मिळेल, व्याजासकट. हा दुसरा पेन्शनचा. हा दिसायला लहान आहे, म्हणून सगळे ह्यालाच आधी हात घालतात. ह्यात दहा वर्षं भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दर महिन्याला पेन्शन, हा असेपर्यंत. ह्याच्या माघारी निम्मी तुला, तू असेपर्यंत. आज काढला तर एकदाच काय ते येईल, आणि वर्षं पुसली."

"ह्यांची किती झाली?" मंगलनं विचारलं.

"नऊ वर्षं, एक महिना. साडेनऊ झाली की दहा धरतात. म्हणजे राहिले पाच महिने."

"आणि तुमच्या कंपनीतली सहा?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "ती ह्यानं काढून घेतली. फॉर्म मीच दिला होता हातानं. तेव्हा मी विचारायची नाही, नुसती फॉर्म द्यायची. माझं काम तेवढंच होतं."

"कशात घातली हो?" मंगल माझ्याकडं वळली.

"मोटारसायकल."

"ती तर चोरीला गेली!"

"पुढं?" बाई मला म्हणाल्या. "चऱ्होलीचा फ्लॅट घेतलास. पुढं? वीस वर्षांचा हप्ता. तू आज त्रेपन्नचा. अठ्ठावन्नला पगार थांबला की हप्ता कोण भरणार?"

मी म्हटलं, पोरगा भरेल. मंगल म्हणाली, "पोरगा बारावीत आहे, त्याला विचारलंय का?" दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, आणि त्या क्षणी मला कळलं की आता आपलं काही चालत नाही. फंड तसाच राहिला, पेन्शनला हात लावला नाही. मला फक्त पाच महिन्यांची नोकरी शोधायची होती, फंड कापणारी.

हे "फक्त" मला फार महागात पडलं. त्रेपन्न वर्षांच्या प्रेस ऑपरेटरला कोण हार घालून उभं राहतंय? तळवड्यात एका वर्कशॉपवाल्यानं घेतलं. तो म्हणाला, "काका, फंडाची भानगड कशाला? दोन हजार जास्त देतो हातात." मी हो म्हणून आलो. मंगलनं माझ्यादेखत बाईंना फोन लावला आणि मोबाइल माझ्या कानाला दिला. पलीकडनं आवाज, "चारशे बारा, दोन हजार कमी घे, पण कापायला लाव. आणि फंडाचा जुनाच नंबर दे त्याला, म्हणजे आधीची नऊ वर्षं ह्याला जोडली जातील." दुसऱ्या दिवशी परत जाऊन पगार कमी करून घेणारा मी तिथला पहिलाच असेन. मालक माझ्या डोक्यावर परिणाम झाल्यासारखा माझ्याकडं बघत होता.

तिसऱ्या महिन्यात फोरमननं सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली. मी हातमोजे फेकून घरी आलो. आता मरू दे पेन्शन, म्हटलं. मंगलनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. गेलेल्या प्रत्येक दिवसावर निळ्या पेनची फुली होती. बाईंनी शिकवलं असणार. मी त्या फुल्यांकडं बघितलं आणि, खरं सांगतो, रडू आलं. तिला माझ्या माघारी निम्मं मिळावं म्हणून ती हे मोजत होती असं कोणी म्हणेल. पण मला वाटलं, माझे दिवस कोणीतरी मोजतंय. सकाळी हातमोजे शोधत परत गेलो. फोरमनशी पुढं दोस्ती झाली, तो भाग वेगळा. पाच महिन्यांसाठी गेलो ते अठ्ठावन्नपर्यंत तिथंच टिकलो.

आता कोणी विचारेल, पेन्शन किती बसली? तीन हजाराला जरा कमीच. मित्र हसतात. मीपण पहिल्यांदा मेसेज बघून हसलो होतो. बाईंना दाखवला तर म्हणाल्या, "गॅस, लाइट बिल आणि तुमची बीपीची गोळी. ह्या तिन्हींसाठी पोराकडं हात पसरायचा नाही. एवढं पुष्कळ." फंडाचा मोठा भाग त्यांनी मंगलच्या नावानं पोस्टातल्या मासिक योजनेत टाकायला लावला, तेही पेन्सिलीनं, उलटं वदवून घेऊन.

मंडळी आणा, हा बाईंचा हट्ट कुठनं आला, हे मंगलनं त्यांच्याकडनं काढून घेतलं. टाइम ऑफिसच्या पायरीवर बायका यायच्या. नवरा गेलेला असायचा. पिशवीत लाइटची बिलं, रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका, सगळं. नवऱ्याचा टोकन नंबर मात्र माहीत नसायचा. "त्यांना वाटायचं मी मोठी साहेब आहे," बाई म्हणाल्या, "आणि मी त्यांना म्हणायची, उद्या या."

मंगल सातवी शिकलेली. आधी ती बाईंना चहा न्यायची, मग लोकांच्या झेरॉक्सा लावायला बसली, मग फॉर्म वाचायला लागली. दोन-तीन वर्षांत तिला बाईंपेक्षा मोबाइल बरा चालायला लागला. चऱ्होलीचे एक तात्या होते, जन्मभर फौंड्रीत वाळू उपसलेले. हयातीचा दाखला द्यायचा तर मशीनवर अंगठा उमटेना. बोटांवरच्या रेघाच झिजून गेलेल्या. पेन्शन थांबली. तात्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमी जित्तं हाय, हितं बसून च्या पितोय, आन ह्ये मिशन म्हनतंय न्हाई! मंग च्या कोन पितंय?" त्यांची म्हातारी शेजारी बसलेली, ती म्हणाली, "व्हय, आन रातभर घोरतंय कोन?" बाईंनी अंगठ्याला व्हॅसलीन चोळून बघितलं, लिंबू चोळून बघितलं. शेवटी मंगलनं मोबाइलवर चेहऱ्याचा दाखला काढायचं शिकून घेतलं. तात्यांना मोबाइलपुढं बसवलं, डोळे मिचकावा म्हणाली. तात्यांनी आधी बायकोकडं बघून मिचकावला. दाखला निघाला. तेव्हापासून बाई म्हणायला लागल्या, "आता टेबल हिचं."

आणि खरंच झालं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरायचा, पेन्सिलीची अक्षरं वाकडी व्हायला लागली. एक दिवस त्यांनी पेन्सिल मंगलच्या हातात दिली आणि रविवारी यायच्या बंद झाल्या. मी चहा वाटायच्या हुद्द्यावर होतो, तो तसाच राहिला.

वर्षभरानं एका रविवारी बघतो तर बाई बाकावर, रांगेत. मांडीवर फाइल, हातात स्वतःचं पेन. पुढं या म्हटलं तर आल्या नाहीत, नंबर लागेपर्यंत बसल्या. मग टेबलासमोर येऊन मंगलला म्हणाल्या, "हयातीचा दाखला. आणि ही फाइल एकदा बघून घे."

मंगल फाइलला हात लावायला गेली आणि थांबली. शेजारची खुर्ची रिकामी होती. आमच्या मंडळींचा चेहरा मला बघवेना. नियम मोडावा तर बाईंचाच, आणि मोडू नये तर बाईंनाच परत पाठवायचं.

"बाई," मंगल हळूच म्हणाली, "माणूस?"

बाईंनी इकडंतिकडं बघितलं. टेबलावर इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न, पण तयारी केली नव्हती बहुतेक. मग त्यांची नजर चहाची किटली धरून उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. "हा काय. आणलाय की."

मी किटली ठेवून खुर्चीत बसलो. मंगलनं माझ्याकडं टक लावून बघितलं. पुढचा प्रश्न मला माहीत होता.

"काय हो, बाईंनी सकाळी काय खाल्लं?"

"उपमा," मी ठोकून दिलं.

"चहा आणि दोन खारी," बाई म्हणाल्या. "कालपासनं तेवढंच."

मंगलनं फाइल बाईंच्या पुढ्यात सरकवली. "माणूस खोटा आहे. कागद उघडणार नाही. मुदत अजून दोन आठवडे आहे, पुढच्या रविवारी या." सगळे हसले, बाईपण हसल्या, पण मंगल हसली नाही. तिचे डोळे भरलेले मी बघितले. आपल्यापासून चार घरांवर बाई चहा-खारीवर दिवस काढतात आणि आपल्याला पत्ता नाही!

त्या दिवसापासून बाईंचा डबा आमच्याकडनं. न्यायचं काम माझं. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मी कोणाचं काही घेत नाही." मी म्हटलं, "बाई, मला रविवारी परीक्षेला बसायचंय." त्यावर त्यांनी डबा आत घेतला.

पुढच्या रविवारी मी छाती काढून खुर्चीत बसलो. मंगलनं विचारलं. मी म्हटलं, "एक भाकरी, गवारीची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. गवार अर्धी ठेवली, दातात अडकते म्हणाल्या."

"उघडा फाइल," मंगल म्हणाली.

सगळं जिथल्या तिथं होतं. शेवटी एक कॅलेंडरचं पान. वर लिहिलं होतं, 'मी गेल्यावर.' खाली, पहिला फोन बँकेला, पेन्शन एक महिनाही जास्तीची येऊ द्यायची नाही. त्याखाली, हे कोण करणार, आणि पुढं पेन्सिलीनं दोन नावं. 'चारशे बारा. मंगल.' अक्षर सरळ होतं. म्हणजे हात थरथरायला लागायच्या आधीचं. किती वर्षं हे पान तसंच पेन्सिलीत होतं कोण जाणे. आम्हाला विचारायचं बाईंना जमलं नव्हतं.

"उलटं सांगा," बाई म्हणाल्या. आम्ही दोघांनी सांगितलं.

"हं. आता पेन काढा." मंगलनं तेच निळं पेन काढून दोन्ही नावं गिरवली.

मग मोबाइल समोर धरला. डोळे मिचकावा म्हटलं. पण बाईंना हसू आवरेना. मोतीबिंदूचे डोळे, त्यातनं पाणी वाहतंय, आणि त्या हसतायत. मोबाइल परत परत नाही म्हणत होता. "बाई, हसू नका हो," मंगल म्हणत होती, "हयात आहात ते दाखवायचंय." चौथ्यांदा निघाला दाखला. बाईंना मी डोळ्यांपुढं आणतो ते तशाच, पदरानं डोळे पुसताना.

तो दाखला वर्षभर चालला असता. बाई आठ महिन्यांत गेल्या. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बँकेत गेलो. पेन्शन थांबवायला कोणी इतक्या लवकर येत नाही, असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला. त्यानं फॉर्म पुढं ओढला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला.

"तुम्ही त्यांचे कोण?"

मी खिशातनं निळं पेन काढलं. "बाईंनी आणलेला माणूस," म्हटलं, "कुठं सही करू?"